विश्लेषण : करंट बंद झाला, तरी मेंदू थांबत का नाही? जागेपणीच्या शस्त्रक्रियेतील ‘आफ्टरडिस्चार्ज’ म्हणजे काय?

ऑपरेशन टेबलावरचा रुग्ण गिटार वाजवतो आहे, कुणी हनुमान चालिसा म्हणतो आहे आणि पडद्यामागे डॉक्टर त्याच्याच मेंदूतील गाठ काढत आहेत, असे व्हिडीओ अधूनमधून मोबाइलवर फिरतात. ‘वैद्यकीय चमत्कार’ असा मथळा जोडून ते पुढे पाठवले जातात. या व्हिडीओंत सहसा न दिसणारी गोष्ट म्हणजे बाजूच्या मॉनिटरवरच्या रेषा. शल्यविशारदाने मेंदूला दिलेला सौम्य करंट बंद केल्यावर या रेषा पूर्ववत व्हायला हव्यात. कधीकधी त्या होत नाहीत. करंट थांबलेला असतो, पण त्या जागेवरचा मेंदू स्वतःच्या तालावर उसळत राहतो. कधी दोन सेकंद, कधी वीस, कधी मिनिटभर. या नको असलेल्या विद्युतक्रियेला ‘आफ्टरडिस्चार्ज’ म्हणतात. ती वाढत गेली तर रुग्णाला टेबलावरच आकडी येते. आकडीची धास्ती सगळ्यांनाच असते आणि तिच्यावर उपायही आहेत. मात्र आफ्टरडिस्चार्जमुळे मेंदूचा नकाशा चुकू शकतो, या दुसऱ्या धोक्याची चर्चा फारशी होत नाही. रुग्णाची वाचा राहणार की जाणार, हे बऱ्याचदा याच नकाशावर ठरते.

मेंदूला करंट देतातच कशासाठी?

मेंदूत गाठ असेल किंवा औषधांना दाद न देणारा अपस्मार असेल, तर बिघडलेला भाग काढणे हा एक उपाय असतो. अडचण अशी, की शब्द आठवणे, बोलणे, हात हलवणे ही कामे नेमक्या कोणत्या जागेकडे आहेत हे वरून पाहून कळत नाही. पाठ्यपुस्तकातील आकृतीत भाषेची केंद्रे ठरावीक ठिकाणी रंगवलेली असतात. प्रत्यक्षात ती माणसागणिक इकडेतिकडे असतात आणि गाठ वाढत असेल तर आणखी सरकतात. एमआरआयने अंदाज येतो, पण सुरी कुठे थांबवायची हे ठरवायला अंदाज पुरत नाही.

म्हणून मॅपिंग करतात. मेंदूच्या पेशीजालाला स्वतःला वेदना जाणवत नाही. डोक्याची त्वचा बधिर करून कवटी उघडली, की रुग्णाला जागे ठेवता येते. शल्यविशारद दोन टोकांची एक बारीक सळी मेंदूच्या बाह्यस्तरावर, म्हणजे कॉर्टेक्सवर, टेकवतो. टोकांमध्ये साधारण ५ मिलिमीटर अंतर असते. सेकंदाला ५० किंवा ६० स्पंदने या वेगाने एक ते चार सेकंद करंट दिला जातो. सुरुवात एक-दोन मिलीअँपिअरपासून होते, मग तो हळूहळू वाढवतात. त्याच वेळी समोर बसलेला तज्ज्ञ रुग्णाला चित्रे दाखवून नावे विचारत असतो. रुग्ण एकाएकी अडखळला किंवा गप्प झाला, की त्या जागेवर आकडा लिहिलेली कागदाची छोटी चिठ्ठी ठेवतात. ही जागा कामाची, तिला हात लावायचा नाही, असा त्याचा अर्थ.

५० हर्ट्झ म्हणजे आपल्या घरातल्या विजेचीच वारंवारिता. मात्र साम्य तिथेच संपते. इथला प्रवाह काही मिलीअँपिअरचा असतो आणि प्रत्येक स्पंदनाचे एक अर्ध धन, दुसरे ऋण असते, जेणेकरून पेशींवर विद्युतभार साचू नये. ४ मिलीअँपिअरचा प्रवाह एक मिलिसेकंद वाहिला तर भार होतो ४ मायक्रोकूलोम. मोबाइलच्या बॅटरीत साठणाऱ्या भाराशी त्याची तुलनाही होत नाही. पण जागेवर नेमका पोहोचलेला एवढासा भारही मेंदूतील हजारो पेशींचे काम क्षणभर विस्कटू शकतो.

हे उपद्व्याप करण्याजोगे आहेत का, या प्रश्नाचे उत्तर आकडे देतात. गाठींच्या ९० अभ्यासांतील ८,०९१ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१२ मध्ये एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. मॅपिंग करून झालेल्या शस्त्रक्रियांत कायमचे गंभीर अपंगत्व ३.४ टक्के रुग्णांना आले. मॅपिंगशिवाय झालेल्यांत हे प्रमाण ८.२ टक्के होते. गाठी तुलनेने अधिक नाजूक भागांत असूनही फरक असा होता. तेव्हा करंट द्यावा की नाही, हा वाद आता उरलेला नाही. तो देताना मेंदू काय उत्तर देतो आहे, हे कुणी पाहते आहे का, हा खरा प्रश्न आहे.

करंट थांबल्यावर क्रिया सुरू का राहते?

गणेशोत्सवाच्या मांडवात निवेदक माइक घेऊन चुकून स्पीकरसमोर गेला, की कान फाडणारी शिट्टी सुरू होते. माइकने पकडलेला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो, तोच पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर येतो. शिट्टी सुरू करायला एक टिचकी पुरते. ती चालू राहायला निवेदकाने तोंड उघडण्याची गरज नसते. आफ्टरडिस्चार्जची जात हीच आहे.

कॉर्टेक्समधील चेतापेशी एकमेकींना चेतवणाऱ्या असंख्य जोडण्यांनी बांधलेल्या असतात. एक पेटली की दुसरी, दुसरीमुळे तिसरी, आणि फिरून पुन्हा पहिली. हे चक्र एरवी बेलगाम होत नाही, कारण शेजारीच आवर घालणाऱ्या पेशी बसलेल्या असतात आणि ‘गाबा’ नावाचे रसायन सोडून उत्तेजनाला ब्रेक लावतात. बाहेरून आलेला ५० हर्ट्झचा मारा मात्र शेकडो पेशींना एकाच वेळी, एकाच ठेक्यात पेटवतो. आवर घालणाऱ्या पेशी थकतात. पेशी पुनःपुन्हा पेटल्याने त्यांच्या बाहेर पोटॅशियम साचते, त्यामुळे आजूबाजूच्या पेशी आणखी सहज पेटू लागतात. आता बाहेरच्या करंटची गरज राहत नाही.

मॉनिटरवर हे टोकदार लाटांच्या रांगेसारखे दिसते. बऱ्याचदा रांग आपोआप विरते आणि रुग्णाला काही जाणवतही नाही. कधी ती शेजारच्या इलेक्ट्रोडवर पसरते. कधी मधला भाग वगळून दोन-तीन सेंटिमीटर पलीकडे उगवते, कारण मेंदूतील वायरिंग पृष्ठभागावरच्या अंतराप्रमाणे चालत नाही. ती रांग जिथे पोहोचेल तिथले काम बिघडते. हाताच्या भागात पोहोचली तर बोटे झटकू लागतात, भाषेच्या भागात पोहोचली तर शब्द हरवतात. फार पसरली तर पूर्ण आकडी.

दीडशे वर्षांपूर्वीच हे दिसले होते

मेंदूला विजेने चेतवता येते हे निर्विवादपणे दाखवले गुस्टाव्ह फ्रिच आणि एडुआर्ड हिट्झिग या दोघांनी, १८७० मध्ये, बर्लिनमध्ये. त्यांनी कुत्र्याच्या कॉर्टेक्सच्या विशिष्ट जागांना बॅटरीचा प्रवाह दिला आणि विरुद्ध बाजूचे पाय हलले. प्रवाह किती ठेवायचा हे ते जिभेच्या टोकाला तारा लावून ठरवत. जेमतेम जाणवेल इतका. मोजमापाची ही तऱ्हा आज हसू आणेल, पण निरीक्षण पक्के होते. प्रवाह थांबल्यावरही स्नायूंची हालचाल चालू राहते आणि काही कुत्र्यांना त्यातून आकडी येते, हेही त्यांनी त्याच निबंधात नोंदवून ठेवले. म्हणजे मेंदूच्या नकाशाचा जन्म आणि त्याचा हा दुष्परिणाम यांची तारीख एकच आहे.

चार वर्षांनी अमेरिकेत हीच गोष्ट माणसावर घडली, आणि ती वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते. सिनसिनाटी शहरातील रॉबर्ट्‌स बार्थोलो या डॉक्टरांकडे मेरी रॅफर्टी नावाची तिशीतील घरकामगार स्त्री दाखल झाली होती. डोक्यावरच्या कर्करोगाच्या जखमेने तिची कवटी कुरतडली गेली होती आणि मेंदू उघडा पडला होता. बार्थोलो यांनी मेंदूत सुया घालून करंट दिला. विरुद्ध बाजूचे हातपाय हलले. मग त्यांनी करंट वाढवला. ती रडू लागली, हात ताणला गेला, डोळे स्थिर झाले, ओठ निळे पडले आणि आकडी आली. ती वीसेक मिनिटांनी शुद्धीवर आली. काही दिवसांत तिचा मृत्यू झाला. मृत्यू करंटमुळे की मूळ आजारामुळे, यावर वाद झाला. पण डॉक्टरांवर टीकेची झोड उठली आणि असा प्रयोग पुन्हा करणे गुन्हा ठरेल, हे त्यांना स्वतःलाच लिहावे लागले. हा प्रयोग रुग्णाच्या भल्यासाठी नव्हताच. मॅपिंगच्या इतिहासात रॅफर्टीचे नाव कृतज्ञतेने घेतले जाते, पण तिची संमती किती खरी होती हा प्रश्न त्या कृतज्ञतेने मिटत नाही.

पुढे दृष्टी बदलली. जर्मनीत ओटफ्रीड फोर्स्टर आणि त्यांच्याकडून शिकून गेलेले कॅनडाचे वाइल्डर पेनफिल्ड यांनी स्थानिक भूल देऊन, रुग्णाशी बोलत मॅपिंग करण्याची पद्धत रुळवली. आकडा लिहिलेल्या चिठ्ठ्या त्याच काळातल्या. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या माँट्रिअल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये पेनफिल्ड यांना हर्बर्ट जॅस्पर हे विद्युतक्रिया नोंदवणारे जोडीदार मिळाले, आणि एकाने चेतवायचे, दुसऱ्याने रेषा वाचायच्या अशी विभागणी झाली. ब्रिटनमध्ये एडगर एड्रियन यांनी १९३६ मध्ये प्राण्यांच्या कॉर्टेक्सवर करंटनंतरची ही क्रिया कशी पसरते याचा अभ्यास मांडला होता. चेतवणारा आणि रेषा वाचणारा अशी दोन माणसे लागतात, हा धडा त्यामुळे जुनाच आहे.

नकाशा खोटा कसा ठरतो?

समजा, सळी एका जागी टेकवली आणि रुग्ण गप्प झाला. शल्यविशारद म्हणेल, ही भाषेची जागा. पण त्याच क्षणी मॉनिटरवर आफ्टरडिस्चार्ज पसरत असेल, तर रुग्ण गप्प होण्याचे कारण कदाचित सळीखालची जागा नसून दोन सेंटिमीटर पलीकडची असेल, जिथे ही लाट जाऊन पोहोचली आहे. रेषा कुणी पाहत नसेल, तर चिठ्ठी चुकीच्या जागी पडते. त्या चिठ्ठीखालचा गाठीचा भाग मग ‘वाचवला’ जातो, म्हणजेच आत राहतो. मेंदूच्या गाठीत मागे राहिलेला प्रत्येक भाग पुढे हिशेब मागतो.

उलट बाजूची चूक अधिक छुपी आहे. एखाद्या जागेवर ३ मिलीअँपिअरलाच आफ्टरडिस्चार्ज उमटू लागला, म्हणून शल्यविशारदाने तिथेच थांबायचे ठरवले. रुग्णाचे बोलणे अखंड चालू होते. ती जागा ‘शांत’ म्हणून नोंदली गेली. पण भाषेत व्यत्यय आणायला तिथे ५ मिलीअँपिअर लागले असते तर? त्या जागेने परीक्षा दिलीच नाही, आणि निकालपत्रावर मात्र ‘उत्तीर्ण’ लिहिले गेले. ‘काही आढळले नाही’ आणि ‘पुरेसे तपासता आले नाही’ हे दोन वेगळे शेरे आहेत. शस्त्रक्रियेच्या धावपळीत ते एकच होऊन बसण्याचा धोका असतो. अनुभवी केंद्रांत हे दोन्ही शेरे वेगळे लिहिले जातात. तसे ते सगळीकडेच लिहिले जायला हवेत.

तिसरी गोष्ट वेळेची. आकडी येऊन गेली की तो भाग काही मिनिटे, कधी त्याहून जास्त वेळ मरगळलेला राहतो. रुग्ण गोंधळलेला असतो, नावे सांगू शकत नाही. या काळात घेतलेली कोणतीही चाचणी कुचकामी. कवटी उघडी असते, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे पाहत असतो आणि नकाशा अर्धवट असतो.

सुरक्षित करंटचा एकच आकडा का ठरवत नाहीत?

अभियांत्रिकीत असा प्रश्न एका तक्त्याने सुटला असता. इथे सुटत नाही. एकाच रुग्णाच्या मेंदूवर एक सेंटिमीटर अंतरावर असलेल्या दोन इलेक्ट्रोडांची आफ्टरडिस्चार्जची मर्यादा वेगवेगळी निघते. त्याच जागी काही वेळाने पुन्हा तपासले तर तीही बदललेली असू शकते. अपस्माराच्या रुग्णांत मर्यादा आणखी बेभरवशाची. लहान मुलांच्या मेंदूत काम शोधायला मुळातच जास्त करंट लागतो, त्यामुळे काम सापडण्याआधी आफ्टरडिस्चार्ज येण्याची शक्यता वाढते.

अपस्माराच्या काही रुग्णांत मेंदूवर इलेक्ट्रोडची जाळी बसवून कवटी बंद करतात आणि रुग्णाला काही दिवस वॉर्डात ठेवतात. आकड्या कुठून सुरू होतात हे पकडायचे असल्याने या काळात त्याची औषधे मुद्दाम कमी केलेली असतात. म्हणजे मॅपिंगसाठी मेंदू सर्वात चिडखोर असतानाच हाती येतो. म्हणून आकड्यांची नोंद आधी पुरी करायची, औषधे पुन्हा सुरू करायची आणि मग मॅपिंग करायचे, हा शहाणपणाचा क्रम समजला जातो.

यातून निघालेली रीत साधी आहे. कमीत कमी करंटपासून सुरुवात, छोट्या पायऱ्यांनी वाढ, एकाच जागेवर लागोपाठ मारा नाही, दोन माऱ्यांमध्ये रेषा शांत होईपर्यंत थांबणे आणि सळीच्या शेजारी सतत एक नोंद घेणारी पट्टी. या नोंदीला इलेक्ट्रोकॉर्टिकोग्राफी म्हणतात. अनेक ठिकाणी ही पट्टी नेहमी वापरतात. काही नामांकित शल्यविशारद मात्र करंट कमी ठेवून तिच्याशिवायही काम करतात आणि त्यांचे निकालही चांगले आहेत. त्यांचा युक्तिवाद असा, की पट्टीने जागा अडते आणि वेळ जातो. तो एकदम खोडून काढता येत नाही. पण ज्या हातांनी हजारो मॅपिंग केलेली नाहीत, त्यांच्यासाठी पट्टीशिवाय करंट देणे म्हणजे आरसा न लावता गाडी मागे घेण्यासारखे आहे.

हातापायांच्या हालचालींच्या मार्गाचा शोध घ्यायचा असेल, तर आणखी एक पद्धत आहे. सेकंदभर मारा करण्याऐवजी अतिजलद अशी पाचेक स्पंदने एकदाच सोडायची. १९९३ मध्ये जपानी शल्यविशारद तानिगुची आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. चक्र पेट घेण्याआधीच मारा संपत असल्याने आकडीचे प्रमाण यात कमी राहते. मात्र स्नायू हलला की नाही एवढेच ती नीट सांगते. भाषा शोधायला अजूनही बहुतेक ठिकाणी जुना ५०-६० हर्ट्झचा माराच लागतो, कारण नाव आठवून उच्चारेपर्यंत दोन-तीन सेकंद जातातच.

टेबलावर आकडी आली तर?

जागेपणीच्या ४७७ शस्त्रक्रियांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६० रुग्णांना, म्हणजे आठातल्या एकाला, शस्त्रक्रियेदरम्यान आकडी आली. पण आकडीमुळे जागेपणीची प्रक्रियाच सोडून द्यावी लागली, असे रुग्ण फक्त ११ होते. इतर केंद्रांचे आकडे याहून कमी-जास्त आहेत. कपाळामागच्या भागात गाठ असलेल्यांना आणि आधीपासून आकड्या येणाऱ्यांना धोका जास्त, हे मात्र वारंवार दिसले आहे.

पहिला उपाय कुणालाही सुचेल असा, पण सुचायला वेळ लागला. बर्फासारखे थंड केलेले सलाइन किंवा रिंगर्स लॅक्टेट त्या जागेवर ओतायचे. थंडीने पेशींचा आवेग ओसरतो आणि आकडी बहुधा काही सेकंदांत थांबते. १९९८ मध्ये सार्टोरियस आणि बर्गर यांनी ही पद्धत प्रसिद्ध केल्यानंतर ती जगभर रुळली. औषध न देता आकडी थांबते, त्यामुळे रुग्ण गुंगीत जात नाही आणि मॅपिंग पुढे चालू ठेवता येते, हा तिचा मोठा फायदा. न थांबल्यास शिरेतून औषध देतात. मग मात्र रुग्ण झोपाळतो आणि नकाशाचे काम थांबते. करंट पहिल्यांदा देण्याआधीच थंड द्रव टेबलाजवळ तयार असला पाहिजे. नंतर फ्रीजकडे धावून उपयोग नाही.

दुसरा उपाय ऐकायला उफराटा आहे. बाल्टिमोरमधील जॉन्स हॉपकिन्सच्या रोनाल्ड लेसर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले, की आफ्टरडिस्चार्ज सुरू होताच त्याच जागी करंटचा आणखी एक अगदी छोटा झटका दिला, तर तो अनेकदा लवकर विझतो. ज्याने पेटवले त्यानेच विझवायचे. झटक्याने पेशींचा जुळलेला ठेका मोडतो, असे त्याचे ढोबळ स्पष्टीकरण. प्रत्येक वेळी हे साधत नाही, पण या निरीक्षणाने एका नव्या उपचाराच्या कल्पनेला बळ दिले. अपस्माराची विद्युतखूण स्वतः ओळखून त्याच क्षणी छोटा झटका देणारे, कवटीत बसवायचे यंत्र ‘न्यूरोपेस’ कंपनीने तयार केले. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली.

‘सवय’ लागण्याची भीती खरी आहे का?

१९६७ मध्ये ग्रॅहम गोडार्ड यांनी उंदरांवरील प्रयोगांतून एक चिंताजनक गोष्ट मांडली. मेंदूच्या एका भागाला रोज थोडासा करंट दिला, तर सुरुवातीला फक्त आफ्टरडिस्चार्ज येतो. पण काही दिवसांनी त्याच करंटने पूर्ण आकडी येऊ लागते. या प्रकाराला ‘किंडलिंग’ म्हणतात. रुग्णांचे नातेवाईक इंटरनेटवर हे वाचतात आणि घाबरतात. मॅपिंग एका दिवसाचे किंवा काही दिवसांचे असते, महिनोन्महिने रोज केले जात नाही. त्यामुळे माणसाला अपस्मार जडल्याचा ठोस पुरावा नाही. या भीतीपायी शस्त्रक्रिया टाळणे हा वाईट सौदा ठरेल.

उलट, काही वेळा डॉक्टरांना आकडी हवीच असते. फ्रान्समध्ये तालेराक आणि बँको यांनी रुजवलेल्या परंपरेत मेंदूत खोलवर सुईसारखे इलेक्ट्रोड घालून करंट दिला जातो. रुग्णाला नेहमी येते तशीच आकडी उमटली, तर आजाराचे मूळ सापडल्याची ती खूण मानतात. नेहमीपेक्षा वेगळी आली, तर ती फक्त करंटची करामत. तिच्यावर विसंबून कापायचे नाही.

भारतात आणि मराठीत

माँट्रिअलची ही विद्या भारतात थेट आली. पेनफिल्ड यांच्या संस्थेत शिकलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये मेंदूशल्यचिकित्सेचा विभाग सुरू केला आणि १९५२ मध्ये तिथेच अपस्मारावरील शस्त्रक्रिया केली. आज मुंबईच्या टाटा मेमोरियलसह देशातील अनेक मोठ्या केंद्रांत जागेपणी मॅपिंग करून गाठी काढल्या जातात.

परदेशी पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही, ती भाषेच्या चाचणीत. इंग्रजीत रुग्णाला चित्र पाहून ‘हे आहे...’ अशा अर्थाचे ठरावीक शब्द आधी म्हणायला लावतात. ते शब्द आले आणि नाव आले नाही, तर जीभ-ओठ ठीक आहेत, फक्त नाव हरवले आहे, असे कळते. मराठीत हे ठरावीक शब्द ठरावीक राहत नाहीत. हा चेंडू, ही किल्ली, हे कुलूप. ‘ही’ म्हणायला किल्लीचे लिंग आधीच आठवावे लागते. रुग्ण ‘ही...’ म्हणून अडकला, तर त्याला अर्धे उत्तर सापडले होते असे म्हणायचे का? चाचणी घेणाऱ्याला मराठी येत नसेल, तर हा बारकावा तो टिपणारच नाही. शिवाय मुंबईसारख्या शहरात घरी मराठी, कामावर हिंदी आणि कागदपत्रांत इंग्रजी असा रुग्ण सर्रास असतो. द्विभाषिक माणसाच्या मेंदूत काही जागा एकाच भाषेत व्यत्यय आणतात, दुसरीत नाही, हे ओजेमान आणि व्हिटेकर यांनी १९७८ मध्येच दाखवले आहे. नकाशा कोणत्या भाषेत काढायचा, हे रुग्णाला कोणत्या भाषेत जगायचे आहे यावर ठरले पाहिजे. डॉक्टरांच्या सोयीवर नाही.

मेंदूतल्या चिप्सचे काय?

हा विषय आता ऑपरेशन थिएटरपुरता उरलेला नाही. अंधांच्या मेंदूतील दृष्टिकेंद्राला करंट देऊन प्रकाशाचे ठिपके दाखवणारी उपकरणे चाचणीत आहेत. अमेरिकेतील ‘ओरायन’ उपकरणाच्या पहिल्या ६ स्वयंसेवकांपैकी एकाला आकडी आली होती. स्पेनमधील एल्चे येथे एका अंध महिलेच्या मेंदूत ९६ सूक्ष्म इलेक्ट्रोडांची जाळी सहा महिने ठेवली गेली. तिथे इलेक्ट्रोड पेशींच्या अगदी जवळ असल्याने मिलीअँपिअरऐवजी मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतकाच प्रवाह पुरला. दिशा तीच आहे. पण ठिपक्यांऐवजी चेहरा दाखवायचा, तर शेकडो इलेक्ट्रोड एकाच वेळी चेतवावे लागतील, आणि मग मांडवातल्या शिट्टीचा प्रश्न पुन्हा समोर येईल. मेंदूतल्या चिप्सच्या उत्साही बातम्यांत किती इलेक्ट्रोड बसवले हे ठळक असते. एकावेळी किती चेतवले आणि मेंदूने काय उत्तर दिले, हे शोधावे लागते.

शस्त्रक्रियेआधी काय विचारावे?

संमतीपत्रावर ‘आकडी येण्याची शक्यता’ अशी एक ओळ बहुतेक ठिकाणी असते आणि ती बऱ्याचदा इंग्रजीत असते. सही करण्याआधी नातेवाइकांनी काही साध्या गोष्टी विचारायला हरकत नाही. मॅपिंगच्या वेळी मेंदूची विद्युतनोंद घेतली जाणार आहे का आणि ती वाचणारे वेगळे तज्ज्ञ थिएटरमध्ये असतील का? चित्रांची चाचणी मराठीत होणार का, आणि तिचा सराव आदल्या दिवशी करून घेतला जाणार का? आकडी आल्यास शस्त्रक्रिया पुढे कशी न्यायची, हे आधी ठरले आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही.

एक गोष्ट मात्र नातेवाइकांनी डॉक्टरांना स्वतःहून सांगायची असते. आकडीच्या गोळ्या गेल्या काही दिवसांत चुकल्या असतील, संपल्या म्हणून बंद झाल्या असतील किंवा कुणाच्या सल्ल्याने अर्ध्या केल्या असतील, तर ते लपवू नये. रक्तातील औषधाची पातळी खाली गेलेली असली, की आकडीचा धोका वाढतो, आणि ही माहिती कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाही.